नव्या पृथ्वीवर समुद्र नसेल?

१६ मे २०२१, रविवार. तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्याला घासत उत्तरेकडे सरकत होतं. कोरोनामुळे चर्च बंद, त्यामुळे मिसा, म्हणजे रविवारची उपासना, मोबाइलवर. घरातली सहा माणसं त्या वीतभर पडद्याभोवती दाटीवाटीने बसलेली. त्या दिवशी येशूच्या स्वर्गारोहणाचा सण होता आणि पहिलं वाचन प्रेषितांच्या कृत्यांमधलं. येशू ढगाआड जातो, शिष्य तोंड वर करून बघत राहतात आणि शुभ्र वस्त्रांतले दोघे जण त्यांना विचारतात, ‘गालीलकरांनो, आकाशाकडे पाहत का उभे राहिलात?’ एवढंच ऐकू आलं. वीज सकाळीच गेली होती, आता रेंजही गेली. हाच येशू जसा गेला तसाच परत येईल, हे पुढचं वाक्य त्या दिवशी आमच्या कानावर पडलंच नाही. आम्ही उठून पडवीत आलो आणि आकाशाकडेच पाहत उभे राहिलो. एकेक कौल सुटत होतं. माड इतके वाकत होते की आता मोडले असं वाटावं, आणि त्यातले काही खरंच मोडत होते.

माझा मावसभाऊ शेजारच्या वाडीत राहतो. त्याचे अकरा माड आणि हापूसची तीन कलमं त्या दिवशी आडवी झाली. महिनाभरापूर्वीच कोरोनाने त्याची बायको गेली होती. पावसाच्या तोंडावर मी बाणवली नारळाची सहा रोपं घेऊन त्याच्याकडे गेलो. त्याने ती पडवीच्या कोपऱ्यात ठेवायला सांगितली आणि म्हणाला, “नारळ धरूक सात वर्सां व्हयी. तवसर दुनिया रवतली काय?” मला वाटलं, दुःखात बोलतोय. मग त्याने मोबाइल पुढे केला. मुंबईच्या कुठल्याशा प्रार्थना-गटाचा व्हिडिओ होता. त्यात साथ, वादळ, टोळधाड, इस्रायल असं सगळं एका सुतात ओवलेलं आणि शेवटी रंगीत तक्ता: आधी विश्वासणाऱ्यांना आकाशात उचलून घेतलं जाणार, मग सात वर्षांचं महासंकट, मग येशूचं हजार वर्षांचं राज्य, मग न्याय. खाली बाण, वर बाण, रेल्वेच्या वेळापत्रकासारखं सगळं नेमकं.

रोपं पडवीतच सुकली.

जगाच्या अंताबद्दल ख्रिस्ती लोकांत एकमत नाही. कधीच नव्हतं. आणि माझं म्हणणं असं की हे मतभेद आमच्या चर्चनी वेदीवरून उघडपणे, नावागावासकट सांगायला हवेत. ते सांगत नाहीत, म्हणून एका विशिष्ट पंथाचं एक विशिष्ट वेळापत्रक ‘बायबल असं म्हणतं’ या शिक्क्यानिशी घराघरांत पोचतं. ऐकणाऱ्याला दुसरं काही असू शकतं हेच ठाऊक नसतं. ही चर्चमधली घरगुती बाब आहे असं कुणाला वाटेल, पण जमीन विकायची की ठेवायची, झाड लावायचं की नाही, बंधाऱ्यासाठी ग्रामसभेत जाऊन भांडायचं की घरी बसून प्रार्थना करायची, हे प्रश्न त्यातूनच निघतात, आणि ते सगळ्या गावाचे आहेत.

आम्ही कॅथलिक दर रविवारी श्रद्धासूत्रात म्हणतो की तो जिवंतांचा आणि मृतांचा न्याय करायला गौरवाने पुन्हा येईल. हे वाक्य ३८१ सालापासूनचं. पण त्यावर प्रवचन? गेल्या वीस वर्षांत मला एक धड आठवत नाही. नोव्हेंबरात कबरस्तानात मेणबत्त्या लागतात, पूर्वजांची नावं वाचली जातात, आणि पूजनवर्षाच्या शेवटी सूर्य-चंद्र काळवंडण्याचं वाचन आलं की फादर म्हणतात, ‘हे सगळं प्रतीकात्मक आहे,’ आणि गाडी दानधर्माकडे वळते. प्रतीकात्मक आहे हे खरंच. पण कशाचं प्रतीक, ते सांगणार कोण? जागा रिकामी राहिली की तिथे कोणीतरी येऊन बसतंच.

आमच्या शेजारच्या हिंदू घरात हा ताण मुळीच नाही. तिथले आजोबा एकदा मला म्हणाले, “तुमचा संपता ता उद्या-परवा. आमच्या कलियुगाची अजून चार लाख वर्सां बाकी आसत. घाई कित्याक?” हिशेब बरोबर आहे त्यांचा. कलियुग ४,३२,००० वर्षांचं आणि त्यातली पाच हजारांच्या वर काही वर्षंच झालीत. उरलेल्यात बाणवली पुष्कळ पिढ्या नारळ देईल.

आता मतभेदांकडे येऊ. भांडणाचं मूळ बायबलातल्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायात आहे. सैतानाला हजार वर्षं बांधून ठेवलं जातं आणि त्या काळात काही जण ख्रिस्ताबरोबर राज्य करतात. ‘हजार वर्षे’ हे शब्द तिथे सहा वचनांत सहा वेळा येतात; बाकी बायबलात या राज्याचा असा हिशेब कुठेच नाही. तर ही हजार वर्षं खरीखुरी की आकड्याच्या रूपात सांगितलेलं दुसरंच काही? येशू त्यांच्या आधी येणार की नंतर? या दोन प्रश्नांवर दोन हजार वर्षं शाई सांडते आहे.

सुरुवातीच्या काळात अक्षरशः मानणारे पुष्कळ होते. दुसऱ्या शतकातल्या पापियास नावाच्या बिशपने त्या राज्यातल्या द्राक्षवेलीचं वर्णन केल्याचं इरेनियस या ख्रिस्ती लेखकाने नोंदवून ठेवलंय: एकेका वेलीला दहा हजार फांद्या, एकेका फांदीला दहा हजार डहाळ्या, प्रत्येक डहाळीला दहा हजार कोंब, प्रत्येक कोंबाला दहा हजार घोस, प्रत्येक घोसाला दहा हजार द्राक्षं, आणि एकेका द्राक्षातून पंचवीस मापं दारू. मला हा पापियास फार आवडतो. मोहोर गळालेल्या वर्षी आंब्याचा बागायतदार रात्री पडल्या पडल्या जे स्वप्न बघेल, तसलंच हे. आणि लक्षात घ्या, हे स्वप्न जमिनीचं आहे, पिकाचं आहे. त्यात कोणी पृथ्वी सोडून पळत नाही.

पाचव्या शतकात ऑगस्टिन या धर्मपंडिताने हे स्वप्न बाजूला ठेवलं. तरुणपणी आपणही तसंच मानत होतो, अशी कबुली त्याने दिली आणि मग सांगितलं की ती हजार वर्षं म्हणजे चर्चचा हाच काळ, येशूच्या पहिल्या येण्यापासून दुसऱ्या येण्यापर्यंतचा. आकडा पूर्णत्व दाखवतो, तारीख दाखवत नाही. कॅथलिक चर्च मोठ्या प्रमाणात त्याच वाटेने गेलं. १९४४ मध्ये रोमने सौम्य स्वरूपातसुद्धा पृथ्वीवरच्या दृश्य हजार वर्षांच्या राज्याची शिकवण सुरक्षित नाही असं सांगितलं आणि १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात तोच सूर आहे. म्हणजे माझ्या मावसभावाच्या मोबाइलमधला तक्ता, तो ज्या चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतलेला आहे त्या चर्चच्या शिकवणीत बसतच नाही. हे त्याला कोणी सांगितलं? कोणीच नाही. मलाही ते पन्नाशीत वाचून कळलं.

तिसरी तऱ्हा आपल्याच किनाऱ्यावर नांदून गेली. वेंगुर्ल्यात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने दवाखाना चालवला. त्या मिशनमधल्या डॉक्टरांच्या घरात १९१९ मध्ये जन्मलेला रॉबर्ट गोहीन पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष आणि नंतर अमेरिकेचा भारतातला राजदूत झाला. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन मिशनांमध्ये एक मत जोरात होतं: सुवार्ता, शाळा, दवाखाने, सुधारणा यांतून जग हळूहळू चांगलं होत जाईल, ते हजार वर्षांचं सुवर्णयुग माणसांच्या हातून देव घडवील, आणि येशू त्याच्या शेवटी येईल. गोहीन जन्मला तोवर पहिल्या महायुद्धाने या आशेची हाडं खिळखिळी केली होती. पण दवाखाना आणि शाळा राहिल्या. अंताबद्दलचं मत मावळलं तरी त्याने बांधलेल्या भिंती उभ्या राहतात.

आणि मग ज्यावरून हे सगळं सुरू झालं तो तक्ता. आयर्लंडमधल्या चर्चमधून बाहेर पडलेला जॉन नेल्सन डार्बी याने १८३० च्या दशकात देवाच्या कारभाराचे कालखंड पाडले आणि येशूचं येणं दोन टप्प्यांत वाटलं: आधी गुपचूप येऊन आपली माणसं उचलायची, मग संकट, मग उघड येणं. १९०९ मध्ये अमेरिकन धर्मोपदेशक स्कोफिल्डने हेच विचार बायबलच्या पानांवर टिपा म्हणून छापले. वचन वर, टीप खाली, पान तेच. वाचणाऱ्याला दोन्ही देवाचंच वाटलं. अमेरिकेतून ते पुस्तकांत, सिनेमांत, टीव्हीवर आणि आता कोकणातल्या मोबाइलमध्ये आलं. हे ‘प्राचीन सत्य’ नेमकं किती जुनं ते एकदा मोजून पाहावं. वेंगुर्ल्याची डच वखार त्याच्याहून जवळजवळ दोनशे वर्षांनी मोठी आहे.

उचललं जाण्याचा सगळा भार प्रेषित पौलाने थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातल्या एका वचनावर आहे: जिवंत उरलेले मेघांतून प्रभूला ‘सामोरे’ होण्यासाठी घेतले जातील. मराठी बायबलात इथे ‘सामोरे’ हाच शब्द आहे, आणि भाषांतर करणाऱ्याने कमाल केली आहे असं मला वाटतं. मूळ ग्रीक शब्द मोठा पाहुणा गावात येताना लोक वेशीपर्यंत जाऊन त्याला घेऊन येतात, त्यासाठी वापरला जाई. रोमजवळच्या बांधवांनी पौलाला गाठलं तिथे आणि नवरदेवाला सामोऱ्या जाणाऱ्या दहा कुमारींच्या दाखल्यातही तोच शब्द आहे. आता कोकणातल्या माणसाला सामोरं जाणं शिकवायचं का? बिशप येतात तेव्हा आमची पोरं बँड घेऊन तिठ्यापर्यंत जातात. पालखी येते तेव्हा वाडीतली माणसं निरांजन घेऊन बांधापर्यंत जातात. पुढे काय होतं? पाहुण्याला घेऊन सगळे घरी परत येतात. सामोरं गेलेला माणूस पाहुण्याबरोबर त्याच्याच गावाला निघून गेला, असं कोणी पाहिलंय का?

म्हणजे वचन तेच, पण दिशा उलटी. प्रकटीकरणाच्या शेवटीही तेच आहे. नवं यरुशलेम स्वर्गातून खाली उतरतं. माणसं वर जात नाहीत, शहर खाली येतं.

तारखा सांगणाऱ्यांबद्दल फार लिहावंसं वाटत नाही, पण नोंद हवी. अमेरिकेतल्या विल्यम मिलरच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस लोकांसमोर ठेवला आणि काही शेतकऱ्यांनी बटाटे जमिनीतच सोडले. दक्षिण कोरियात ली जँग-रिमने २८ ऑक्टोबर १९९२ सांगितला. लोकांनी नोकऱ्या सोडल्या, घरं विकली, आणि त्याच्याकडे मात्र १९९३ मध्ये मुदत भरणारे रोखे सापडले. अमेरिकेतल्या हॅरल्ड कँपिंगने २१ मे २०११ सांगितला, तो उलटला तेव्हा २१ ऑक्टोबर. ‘त्या दिवसाविषयी पित्याशिवाय कोणालाही ठाऊक नाही, पुत्रालाही नाही’ हे वाक्य मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूच्याच तोंडी आहे. जे पुत्राला ठाऊक नाही ते यूट्यूबवरच्या भावाला ठाऊक आहे, यावर आमचा विश्वास बसतो, तो का हे पुढे सांगतो.

त्याआधी माझ्याच म्हणण्याला आडवी जाणारी एक गोष्ट. १८४४ च्या त्या निराशेतून उरलेल्या काही लोकांनी १८६३ मध्ये सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट चर्च उभं केलं. येशू लवकर येणार हा त्यांचा विश्वास आजही तसाच आहे, नावातच आहे (ॲडव्हेंट म्हणजे येणं). पण त्यांनी जगभर दवाखाने काढले, शाळा काढल्या, शरीराची काळजी हा धर्माचा भाग मानला. कॉर्नफ्लेक्सवाला डॉक्टर केलॉग त्यांच्यातलाच. तेव्हा ‘अंत जवळ आहे असं मानणारा माणूस हात टाकतो’ असं सरसकट म्हणायला मी धजणार नाही. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या दोन राज्यशास्त्रज्ञांनी दाखवलं की येशूच्या पुनरागमनावर विश्वास असणाऱ्यांमध्ये हवामानबदलावर सरकारने पावलं उचलण्याला पाठिंबा कमी होता. ते तिकडचं राजकारण, इकडे जसंच्या तसं चिकटवू नये. दुसऱ्या बाजूनेही खोटं पसरतं. रेगन यांच्या काळातले मंत्री जेम्स वॉट यांच्या नावावर ‘शेवटचं झाड तोडलं की येशू येईल’ असं वाक्य खपवलं गेलं. एका नामवंत पत्रकाराने ते भाषणात वापरलं आणि नंतर माफी मागितली. वॉट खरंच म्हणाले होते ते असं की प्रभू येण्याआधी किती पिढ्या आहेत ते मला माहीत नाही, पण पुढच्या पिढ्यांसाठी साधनसंपत्ती राखायला हवी. पहिलं अर्धं वाक्य सगळ्यांनी ऐकलं, दुसरं गिळलं गेलं. आमच्या मोबाइलची रेंज गेली तसंच.

‘शेवटी सगळं जळणारच’ हा मात्र या तक्त्यातला सर्वांत घातक भाग, आणि तो पेत्राच्या दुसऱ्या पत्रातून येतो. १६११ च्या इंग्रजी बायबलात पृथ्वी आणि तिच्यावरची कामं जळून जातील असं आहे. पण सर्वांत जुन्या हस्तलिखितांपैकी दोन मोठ्या हस्तलिखितांत ‘जळतील’च्या जागी ‘सापडतील’, म्हणजे उघडी पडतील, असा शब्द आहे. नव्या भाषांतरांपैकी बरीचशी आता तेच घेतात. सोनार मूस तापवतो तेव्हा सोनं नष्ट करत नाही, त्यात कथील किती मिसळलंय ते उघडं पाडतो. त्याच पत्रात चार वचनं आधी म्हटलंय की नोहाच्या वेळी जग पाण्याने नाश पावलं. नाश पावलं, पण नोहाने नौकेतून उतरून द्राक्षमळा लावला तो कुठे? त्याच पृथ्वीवर.

आता त्या समुद्राचं. प्रकटीकरणाच्या एकविसाव्या अध्यायात ते लिहिणारा योहान नवं आकाश आणि नवी पृथ्वी पाहतो ‘आणि समुद्र राहिला नव्हता’. लहानपणी घरच्या रोझरीनंतर काका हा अध्याय वाचत होते तेव्हा आजीने मध्येच थांबवून विचारलं, “समुद्र नाय? मगे बांगडो खंयसून येतलो?” सगळे हसले, काकाही. पण प्रश्न खरा होता. समुद्र नसलेला स्वर्ग आम्हाला कशाला हवा?

योहान पात्म बेटावर हद्दपार होता. त्याच्यात आणि त्याच्या माणसांत समुद्रच उभा होता. त्याच्या पुस्तकात श्वापद समुद्रातून वर येतं, दानिएलाच्या स्वप्नातही चार श्वापदं समुद्रातूनच येतात. रोमची जहाजंही त्याच वाटेने. अठराव्या अध्यायात बाबेल पडते तेव्हा व्यापारी आणि तांडेल धाय मोकलून रडतात, कारण त्यांचा माल आता कोणी घेत नाही. त्या मालाची लांबलचक यादी आहे, सोनं, मोती, रेशीम, दालचिनी, आणि सर्वांत शेवटी गुलाम, ‘माणसांचे जीव’. या समुद्राबद्दल तो बोलतोय. जिथून श्वापद येतं आणि जिथून माणसं विकायला नेली जातात तो समुद्र राहणार नाही. बांगड्याला त्यातून भीती नाही. बाविसाव्या अध्यायात नदी आहे, तिच्या दोन्ही तीरांवर दर महिन्याला फळ देणारं झाड आहे, आणि त्याची पानं राष्ट्रांना बरं करण्यासाठी आहेत.

तरी आजीच्या प्रश्नाला दुसरी बाजू होती, ती मला उशिरा दिसली. २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं तेव्हा कोकणातून मासेमारीला गेलेले काही परतले नाहीत. ज्या घरात आजही कोणाच्या तरी फोटोला हार आहे आणि कबर मात्र नाही, त्या घरातल्या बाईला ‘समुद्र राहिला नव्हता’ हे वाक्य वेगळंच ऐकू येत असणार. त्याच पुस्तकात लिहिलंय की समुद्राने आपल्यातले मृत परत दिले. हे तिला ‘प्रतीकात्मक आहे’ म्हणून सांगून पाहा.

आणि इथेच मला माझ्या मावसभावाच्या गटाबद्दल बोलायला हवं. बायको गेल्यावर आम्ही नातेवाइकांनी त्याला दोनदा-तीनदा फोन केला. मयताला पाचच माणसं, महिन्याची मिसा मोबाइलवर. त्या गटातला कोणीतरी मात्र चाळीस दिवस रोज संध्याकाळी सात वाजता फोन करायचा, त्याच्याबरोबर प्रार्थना करायचा आणि मग तो तक्ता समजावायचा. तक्त्यात त्याच्या दुःखाला जागा होती. साथ, वादळ, बायकोचं जाणं, हे सगळं वाया गेलेलं नाही, एका गोष्टीतला टप्पा आहे, आणि गोष्टीचा शेवट चांगला आहे. प्रकटीकरण मुळात अशाच लोकांसाठी लिहिलं गेलं, ज्यांना सगळं हळूहळू सुधारेल असं सांगणं म्हणजे थट्टा झाली असती. ही भूक खरी आहे. आम्ही तिला ‘प्रतीकात्मक’ म्हणून उपाशी ठेवली, दुसऱ्याने काहीतरी वाढलं. त्याला नावं ठेवण्याआधी आमच्या ताटात काय होतं ते बघायला हवं.

आमच्या ताटात खरं तर पुष्कळ आहे. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्पष्ट लिहिलं की नव्या पृथ्वीची आशा या पृथ्वीची काळजी कमी करणारी नसावी, वाढवणारी असावी. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी मराठीत बायबल आणलं आणि हरित वसईसाठी रस्त्यावरही उतरले. एका माणसात ही दोन्ही कामं मजेत नांदली. थेस्सलनीकाकरांच्या दुसऱ्या पत्रात, प्रभूचा दिवस आलाच असं समजून बिथरलेल्या मंडळीला पौल ठणकावतो की ज्याला काम करायचं नाही त्याने खाऊही नये. प्रकटीकरणाच्या अकराव्या अध्यायात तर पृथ्वीचा नाश करणाऱ्यांचा नाश होईल असं वाक्यच आहे. डोंगर पोखरणाऱ्यांच्या आणि खाजणात भराव घालणाऱ्यांच्या कानावर हे कधी कोणत्या वेदीवरून घातलं गेलंय?

लोक अशा वेळी जर्मन धर्मसुधारक ल्यूथरचं वाक्य सांगतात: उद्या जग संपणार असं कळलं तरी आज मी सफरचंदाचं रोप लावीन. छान आहे, पण ल्यूथरच्या लिखाणात ते सापडत नाही. त्याचा ठाऊक असलेला पहिला उल्लेख १९४४ चा. आमच्या बागायतदारांना मी त्याऐवजी बायबलातला संदेष्टा यिर्मया सांगीन. यरुशलेमला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलाय, शहर पडणार हे यिर्मया स्वतःच ओरडून सांगतोय, त्याबद्दल कैदेत आहे. अशा वेळी चुलतभाऊ येऊन म्हणतो, अनाथोथातलं माझं शेत विकत घे. आणि हा सतरा शेकेल रुपं तोलून देतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, खरेदीखताच्या दोन प्रती करतो, एक मोहोरबंद, एक उघडी, आणि पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून मातीच्या मडक्यात ठेवायला लावतो. तलाठ्याकडे खेटे घातलेल्या कुठल्याही कोकणी माणसाला हा अध्याय टीकेशिवाय कळेल. अंताची सगळ्यांत पक्की खबर ज्याच्याकडे होती, त्याने सातबारा आपल्या नावावर करून घेतला.

हे सगळं मी फादरांना सांगितलं. म्हटलं, नाताळाआधीच्या आगमनकाळातल्या चार रविवारी मिसेनंतर अर्धा तास द्या. पहिल्यात पापियास आणि ऑगस्टिन, दुसऱ्यात वेंगुर्ल्याच्या मिशनऱ्यांचं मत, तिसऱ्यात डार्बी, आणि त्यांच्या गटातल्या कोणालाही बोलवा, त्यांचं त्यांना मांडू द्या. चौथ्यात लोकांना विचारू दे. फादर भले माणूस आहेत. म्हणाले, आगमनकाळात गोठ्याची तयारी असते, कॅरलची प्रॅक्टिस असते, नोव्हेंबरात बघू.

त्याच संध्याकाळी मावसभावाकडे गेलो. विहिरीजवळ चार नवे माड लागले होते, गुडघ्याएवढे, आणि तो आळ्यात मीठ टाकत होता. रोपं कोणी आणली विचारलं. “पोरान आणल्यान. मगे लावचीच लागली,” म्हणाला. नोव्हेंबरात चर्चमध्ये या विषयावर बोलणं झालं तर येशील का, म्हटलं. त्याने हाताचं मीठ झटकलं आणि थोडा वेळ माझ्याकडे बघितलं.

“येतलंय,” म्हणाला. “पण माझो तक्तो घेवन येतलंय.”